खिंडीच्या नकाशावरची हिरवी टिकली

बीडला बसस्टँडच्या समोर, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर माझं हापिस हाय. एक टेबल, दोन खुर्च्या अन् भिंतीवर हिमालय. खाली रस्त्यावर डांबर चपलंला चिकटत असतं अन् वर मी गिऱ्हाइकाला विचारत असतो, थर्मल दोन घेतलेत का तीन. खालचा मोबाइलवाला म्हणतो, "तुझ्यासारखा येडा बघितला न्हाई बे. दुष्काळी जिल्ह्यात बर्फ विकतो." मी म्हणतो, विकत न्हाई, नुसता दाखवतो. विकायला तो माझ्या बापाचा हाय का?

संपादकसाहेबांनी बजावलंय, कामाबद्दल लिहा, कधी जन्मला अन् कुठं शिकला ते नको. बरंच झालं. शिक्षणात सांगण्यासारखं एवढंच, की वडवणीच्या शाळेत मी एकदा हेडमास्तरांचा आवाज काढून चौथ्या तासाला शाळा सोडून दिलती. अख्खी शाळा घरी निघाली. हेडमास्तरबी पिशवी उचलून निघालते, गेटपाशी गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

त्याच आवाजावर मी हिमालयात गेलो. पुण्याच्या एका ट्रेकवाल्यानं मला कॅम्पवर करमणुकीला नेलतं. लोक दिवसभर चालून मेलेले असायचे, मी त्यांना एसटीचा कंडक्टर, मंत्र्याचं भाषण, पाण्याच्या टँकरचा हॉर्न असलं काढून हसवायचो. दुसऱ्या हंगामात कांदे चिरायला लागलो, तिसऱ्यात तंबू ठोकायला, अन् पाचव्यात ट्रेक आखायला. आता माझं सोताचं हापिस हाय. करमणूक फुकट.

उंच खिंडीचा ट्रेक आखणं म्हणजे काय, ते सांगतो. खिंड म्हणजे दोन डोंगरांच्या मधून पल्याड जायची वाट. आपल्या मांजरसुंब्याच्या घाटासारखीच, फक्त पंधरा हजार फुटांच्या वर, अन् वर चहाचं हॉटेल न्हाई. रेंज न्हाई, दवाखाना न्हाई. हवा इतकी पातळ की बुटाची लेस बांधली तरी धाप लागते. म्हणून रोज थोडं थोडं चढायचं, अंगाला सवय लावायची, एखादा दिवस राखून ठेवायचा. परवानग्या, डॉक्टरचा दाखला, खेचरं, रॉकेल, पीठ, सगळं आधी ठरवायचं. लग्नाची तयारीच म्हणा ना. फक्त हितं नवरदेव म्हणजे हवामान, अन् तो कधी रुसंल ह्याचा नेम न्हाई. खिंडीच्या दिवशी पहाटं निघायचं अन् माघारी फिरायची वेळ आधीच ठरवायची. आमची अकराची. अकराला जिथं असाल तिथनं मागं, मग खिंड दहा पावलांवर का ऱ्हायलेली असंना.

अन् पाणी. वर तहान लागत न्हाई, हाच घोळ हाय. प्रत्येक श्वासासंगं अंगातलं पाणी जात असतं अन् आपल्याला वाटतं, काय गरज हाय. दिवसाला चार लिटर पोटात गेलं न्हाई तर पहिलं डोकं धरतं, मग उलट्या, मग माणूस कायच्या काय बोलायला लागतो.

हे मला एका तात्यांनी शिकवलं. उमापूरकडचे पुढारी माणूस. हिमालयात येताना कडक इस्त्रीचे तीन पांढरे ड्रेस अन् सोताचा फोटो छापलेला बॅनर घेऊन आलते. थर्मल घालायला लावले तर त्याच्यावर पांढरा ड्रेस. रोज सकाळी आचाऱ्याकडं गरम पातेलं मागायचे, इस्त्रीला. पाणी मात्र प्यायचे न्हाईत. पिलं तर तंबूच्या बाहेर जावं लागतं, अन् त्या वाऱ्यात पाच थर सोडायचे म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. मी विचारायचो, तात्या, पाणी पिलात का? तर म्हणायचे, "प्रक्रियेत हाय." मला लई हसू यायचं. संध्याकाळी कॅम्पवर मी तेच करून दाखवायचो, सगळे पोट धरून हसायचे.

खिंड तासाभरावर ऱ्हायली अन् तात्या बर्फावर बसले. बसले ते बसले, वर खेचराला म्हणायला लागले, "उमापूरच्या माझ्या बंधू आणि भगिनींनो." मी हसलो. दोर्जे हसला न्हाई. दोर्जे म्हणजे आमचा तिकडचा वाटाड्या, पन्नाशीचा, त्या खिंडीतनं शंभरदा गेलेला. त्यानं तात्यांचं बोट यंत्रात घालून रक्तातला ऑक्सिजन बघितला, त्यांना खेचरावर बसवलं अन् सगळ्यांनाच माघारी फिरवलं. खाली आल्यावर तात्या ठणठणीत झाले. बॅनर खेचराच्या पाठीवर अंथरला होता तो तिथंच ऱ्हायला. निघताना दोर्जे मला म्हणला, "तुम हँसता बहुत है, देखता कम है।"

सगळ्यांचे आवाज मी काढतो. पण ते वाक्य मी आजवर कुणाला त्याच्या आवाजात करून दाखवलेलं न्हाई.

म्हणजे ही खिंड मी आखली होती, विकली होती, पण ओलांडली नव्हती. हे ध्यानात ठेवा.

पुढचा उन्हाळा आला तो कोरडा ठाक. लिंबागणेशच्या पलीकडं एका वाडीवर बायकांची दूध संस्था हाय. तिच्या वार्षिक सभेला मला बोलावलं होतं, नकला करायला. त्या वर्षी चारा नव्हता, दूध निम्म्यावर आलतं, दिवसाआड टँकर. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. संस्थेत दरवर्षी अभ्यास दौरा असतो. कुठलीतरी डेअरी बघायची, चहा प्यायचा, मशिनीपाशी उभं राहून फोटो काढायचा. यंदा दौरा रद्दच करू, अशी बोलणी चाललती. मी म्हणलं वातावरण जरा हलकं करू, म्हणून मोबाइलवर खिंडीचे फोटो दाखवले.

चेअरमन कौसाकाकूंनी मोबाइल हातात घेतला. अठ्ठावन्न वर्षांची बाई, बारीक, काळीभोर, नऊवारीचा काष्टा घातलेली. जवानीपासून ऊस तोडलेला, गुडघ्यांनी नको म्हणल्यावर थांबल्या अन् ही संस्था काढली.

"हे सगळं पाणी हाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणलं, हाय, गोठलेलं.

"मग राखायला कोण असतं?"

"कुणीच न्हाई, काकू."

त्यांनी बोटानं पुढचा फोटो सरकवला. मग म्हणल्या, डोंगराच्या पल्याड कोण ऱ्हातं? मी म्हणलं, एक गाव हाय, तिथं बायकांचीच दूध संस्था हाय म्हणे, लहानशी. झालं. "मग यंदाचा दौरा तिकडंच," काकू म्हणल्या. सात जणींनी एकदमच अनुमोदन दिलं, अन् सचिव मंगलवहिनीनं वहीत लिहिलं, सर्वानुमते मंजूर. हिमालय ओलांडायचा ठराव प्रोसिडिंग बुकात लिहिलेली ही जगातली एकमेव संस्था असंल.

सभा सुटल्यावर मी काकूंना बाजूला घेतलं. म्हणलं, काकू, गाडीनं दुसरीकडून जाता येतंय, एवढा खटाटोप कावून? तर त्या हसल्या बिसल्या न्हाईत.

"कोल्हापूर बघितलं, सांगली बघितली, कर्नाटक बघितलं," त्या म्हणल्या. "जिथं गेले तिथं हातात कोयता. एकदा रिकाम्या हातानं चालत जायचंय मला. कुठंबी."

मी दोर्जेला फोन लावला. त्यानं वय विचारलं, मी सांगितलं.  मग त्यानं अट घातली: तीन आठवडे सराव, रोज चार लिटर पाणी, अन् त्याची वही. वही बघूनच तो हो म्हणणार. "जिसको पीने का आदत नहीं, उसको मैं ऊपर नहीं लेगा।" मी बायकांना सांगितलं. त्या म्हणल्या, काकू न्हाई तर आमीबी न्हाई. म्हणजे आठ जणींचा दौरा अठ्ठावन्न वर्षांच्या एका बाईच्या पाण्यावर आला.

तयारीचे ते दिवस मी जन्मात विसरणार न्हाई. इतकी मज्जा मला कुठल्याच गिऱ्हाइकासंगं आलेली न्हाई. पहिलं बूट. बूट नवे घालून हिमालयात गेलं तर फोड येतात, म्हणून घरीच वापरून मऊ करायचे असतात. मी सांगितलं, कामं करताना घालत जा. दुसऱ्या दिवशी मंगलवहिनीचा फोन, की निम्म्या म्हशींनी पान्हा चोरला. म्हशीला ते चित्रविचित्र पाय बघून दूधच सोडवंना. मी फोनवर म्हशीचा आवाज काढून माफी मागितली, पण बूट धारंच्या वेळी काढायचे असा नवा नियम झाला.

मग चढण. मी त्यांना बालाघाटाच्या डोंगरावर नेलं, पाठीवर पाच-पाच किलोचं ओझं दिलं. मी पुढं, शिट्टी गळ्यात. अर्ध्यावर मी दम खात बसलो अन् ह्या सगळ्या माझ्या अंगावरनं वर गेल्या. ज्या बाईनं डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरनं ट्रकवर चढायचं काम केलंय, तिला मी काय चढण शिकवणार? काकू वरून म्हणल्या, "साहेब, शिट्टी वाजवा, म्हणजे कुठंय ते कळंल."

बोजा बांधायचंबी त्यांनीच मला शिकवलं. पाच वर्षं मी माझी यादी वापरत होतो, कपडे एका पिशवीत, भांडी एका पिशवीत. काकूंनी ती वाचून बाजूला ठेवली. त्यांनी अख्खा संसार गाडीत भरून सहा महिन्यांसाठी दरवर्षी नेलेला. म्हणल्या, सामान काय हाय त्याच्यावर बांधायचं न्हाई, कधी लागतं त्याच्यावर बांधायचं. मुक्कामी पोचल्या पोचल्या जे लागतं ते सगळ्यात वर: काडेपेटी, एक पातेलं, पीठ, अंथरूण. आता माझ्या सगळ्या ट्रेकचे बोजे तसेच बांधतात, अन् पुण्याची गिऱ्हाइकं म्हणतात, वा, काय शास्त्रशुद्ध.

पाण्याची वही मंगलवहिनीकडं होती. पहिल्या आठवड्याची मी बघितली: आठ नावं, सात दिवस, सगळ्या रकान्यांत चार. मी फोटो काढून दोर्जेला पाठवला. त्यानं अंगठा पाठवला. मी असा फुगलो की विचारू नका.

दुसऱ्या आठवड्यात डोंगरावर काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. बोलता बोलता माझं त्यांच्या ओठांकडं लक्ष गेलं. चिरा पडलेल्या, पांढऱ्या. चार लिटर पिणाऱ्याचे ओठ असे नसतात. मग खाली उतरल्यावर त्यांच्या गोठ्यात गेलो. आख्ख्या वाडीतल्या म्हशी सुकलेल्या अन् काकूंच्या म्हशीचं घमेलं ओलं, म्हैस गार पाण्यात तोंड मारून निवांत रवंथ करत बसलेली. मला तात्या आठवले. प्रक्रियेत हाय.

सरळ विचारलं असतं तर काकूंनी सांगितलं नसतं. मग मी माझ्या धंद्याचं हत्यार काढलं. खालच्या मोबाइलवाल्याचा फोन घेतला अन् दोर्जेच्या आवाजात मंगलवहिनीला लावला. काकूंना द्या म्हणलं. काकू आल्या. मी एकदम जड आवाजात म्हणलं, "अम्मा, सच बोलो. पानी पीता है?"

 काकू मराठीतच बोलायला लागल्या.

"न्हाई पीत, दोर्जेभाऊ. दोन तांबे पिते, उरलेलं म्हशीला. मंगलला मीच लिहायला लावलं, तिला बोल लावू नका. तिसरा तांब्या तोंडाला लावला की घशाच्या खाली उतरत न्हाई. म्हैस बघत असते. अन् दुसरं सांगू का, उसाच्या फडात दिवसभर बाईमाणसानं पाणी पिलं तर जायचं कुठं? आडोसा असतोय का? म्हणून पीतच नव्हतो आमी. तीस वर्षांची सवय हाय, ती काय वहीनं जाती?"

 दोर्जे असता तर काय बोलला असता? ते मी मनात जुळवत होतो. तेवढ्यात काकू म्हणल्या,

"अन् दोर्जेभाऊ, त्या आमच्या पोराला एक निरोप द्या. पुढच्या वेळी तुमचा फोन येईल तेव्हा मागं कंडक्टरचं 'वडवणी, वडवणी' जरा बंद करत जा म्हणावं."

मी फोन ठेवला. मोबाइलवाला इतका हसला की त्याच्या हातातला कुणाचातरी डिस्प्ले फुटला.

दुसऱ्या दिवशी वाडीवर गेलो, माफी मागायला. नेमका टँकरचा दिवस होता. मी अन् काकू ओट्यावर बसलो होतो. लांबून हॉर्न आला. पँऽऽ पँऽऽ प्यॅप. अन् जे झालं ते मी लहानपणापासून हजारदा बघितलेलं, पण त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. घराघरातनं बाया बाहेर आल्या अन् हंडे पालथे करायला लागल्या. शिळं पाणी रिकामं केल्याशिवाय ताजं कशात घेणार? कुणी लिंबाच्या बुंध्याला ओतलं, कुणी पोराच्या डोक्यावर, कुणी म्हशीच्या घमेल्यात. अन् काकूंनी उभ्या उभ्या हंड्यातनं एक तांब्या भरून घटाघटा पिला, मग दुसरा, मग तिसरा. म्हशीकडं बघितलंबी न्हाई.

मी म्हणलं, काकू, आत्ता कसा उतरला तिसरा?

"आता टँकर आलाय की," त्या म्हणल्या, जसं काय मी खुळाच हाय.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ह्यांना तहानेचा प्रश्नच न्हाई. पुढची खेप नक्की असल्याशिवाय हंडा रिकामा करायचा न्हाई, एवढाच घराघरातला कायदा हाय. अन् मी काय सांगत होतो? प्या, प्या, प्या. पुढं पाणी कुठं हाय ते सांगितलंच नव्हतं. माझ्या आखणीत मुक्काम होते, उंची होती, जेवण होतं. खेपा नव्हत्या.

मी संस्थेच्या भिंतीवर नकाशा लावला अन् ट्रेक पहिल्यापासून परत आखला. वाटंवरचा प्रत्येक ओढा, प्रत्येक झरा म्हणजे एक खेप. मंगलवहिनीनं तिच्या टिकल्यांचं पाकीट दिलं. जे पाणी मी सोताच्या डोळ्यांनी बघितलंय तिथं लाल टिकली. वाट कशी लालेलाल झाली, पोळ्याचा बैल असावा तशी. प्रत्येक मुक्कामाला पहिला तंबू आडोशाचा, मग बाकीचे, हेबी लिहिलं. ते वाचून सगळ्या बायांनी एकमेकींकडं बघितलं. इतकी साधी गोष्ट, पण पाच वर्षांत माझ्या यादीत आडोशाचा तंबू कायम शेवटच्या खेचरावर.

खिंडीपाशी टिकल्या संपल्या. शेवटच्या थांब्यापासून वर नुसता बर्फ, अन् पल्याडची बाजू मी बघितलेली नव्हती. तिकडं उतरल्यावर तासाभरात एक ओढा हाय, असं दोर्जे म्हणायचा. एका खेचरवाल्यालाबी मी विचारलं होतं, तोबी तेच म्हणला. तिथं मी हिरवी टिकली लावली. काकूंनी बोट ठेवलं. ही हिरवी कावून? मी म्हणलं, हे ऐकीव पाणी. त्यांनी मान हलवली, पण बोट काही लगेच उचललं न्हाई.

मग दोर्जेला माझ्या आवाजात फोन केला. वही खोटी होती हे सांगितलं, कावून खोटी होती तेबी सांगितलं. खरा आकडा सांगितला, आता टँकर यायच्या आधी उरलेलं पितात, तरी अडीचच्या वर जात न्हाई. म्हणून डोंगराच्या पायथ्याला ओढ्याकाठी दोन दिवस जास्तीचे टाकलेत, तिथं प्यायची सवय लावू. मला वाटलं, गेलं सगळं. तो म्हणला, "इस बार तुमने देखा।" मग म्हणला, चढाईच्या आधी शेवटच्या थांब्यावर तो सोता प्रत्येकीची बाटली बघणार. पाऊस नव्हताच, पेरणीची घाई नव्हती. आमी निघालो.

पायथ्याचे ते दोन दिवस म्हणजे जत्रा. ओढा असा फेसाळत चाललेला अन् आठ बाया काठावर बसून नुसत्या बघतात. एकीनं विचारलं, ह्याला बंद करायचा व्हॉल्व्ह कुठंय? मी अर्ध्या अर्ध्या तासाला टँकरचा हॉर्न काढायचो अन् सगळ्या बाटल्या तोंडाला लागायच्या. दुसऱ्या गटातली बंगाली मंडळी बघतच ऱ्हायची. दोर्जेनं आयुष्यात टँकर बघितलेला न्हाई, पण दुसऱ्या दिवशी तोबी हॉर्न काढायला लागला. लई वाईट काढायचा.

लाल टिकल्या एकेक करत संपत गेल्या. खिंडीच्या दिवशी साडेआठला आमी शेवटच्या थांब्यावर पोचलो. समोर उभा पांढरा चढ, वर दोन दगडांच्या मधी फाटल्यासारखं निळं आभाळ. प्रत्येकीकडं दोन बाटल्या. दोर्जे एकेक बघत आला. सात जणींची दुसरी बाटली निम्मी झालेली. काकूंची दुसरी तुडुंब. पदराच्या आत, पोटाशी धरलेली, ऊब लागावी म्हणून.

दोर्जेनं विचारलं, "सर में दर्द?" काकू म्हणल्या, जरा ठणकतंय.

त्यानं मला बाजूला घेतलं. सांगितलं, अर्धा तास देतो. तिनं पिलं, डोकं उतरलं, यंत्रातला आकडा बरा आला तर वर. न्हाईतर अम्मा अन् तू खाली, बाकीच्यांना मी नेतो. मी बाकीच्यांकडं बघितलं. सात जणी काकूंच्या भोवती बसलेल्या, बूट घट्ट बांधून. त्या काय काकूंना सोडून वर जाणार नव्हत्या.

मी हॉर्न काढला. सातजणींनी बाटल्या तोंडाला लावल्या. काकूंनी न्हाई. त्यांनी घडी करून आणलेला नकाशा काढला अन् हिरव्या टिकलीवर बोट ठेवलं.

मी परत तोंड उघडलं, तशा त्या म्हणल्या, "टँकरचा आवाज नको काढू. दोर्जेचाबी नको. तुझ्या आवाजात सांग. म्होरं पाणी हाय का?"

खरं सांगतो, माझा आवाज कुठला हेच मला एक मिनिट आठवंना.

"हाय, काकू."

"तू बघितलंय?"

"न्हाई बघितलं," मी म्हणलं. "मी खिंडीच्या अलीकडनंच माघारी गेलतो. पण दोघांना वेगवेगळं विचारलंय, अन् दोघांनी एकच जागा सांगितली. खरं वाटलं नसतं तर मी टिकली लावलीच नसती."

 वारा सुटला होता, काष्ट्याच्या खालून थर्मलचा निळा काठ फडफडत होता. मग त्यांनी झाकण फिरवलं अन् घोट घोट करत पाणी प्यायला सुरुवात केली. घाई न्हाई. म्हशीचीबी आठवण आली असंल, कारण मधी एकदा थांबल्या. शेवटी बाटली पालथी करून झटकली, हंडा झटकतात तशी, अन् पिशवीत टाकली.

त्या अर्ध्या तासात मी एकबी नक्कल केली न्हाई. दोर्जेनं काकूंचं बोट यंत्रात घातलं, डोळ्यांत बघितलं, डोकं विचारलं. मग काठी उचलून म्हणला, "चलो।"

वरपर्यंत कुणी बोललं न्हाई, दम कुठं होता. बुटाचा ठसा, त्यात पुढचा बूट, मोळीच्या फळीवर चढतात तसं, कमरेत जरा वाकून, एकसारखं. दहा चाळीसला काकू खिंडीत उभ्या ऱ्हायल्या. अकराला वीस मिनिटं कमी. पल्याड नुसते डोंगरच डोंगर, पार आभाळ संपेस्तोवर, अन् सगळे पाण्यानं भरलेले. सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडत अन् हसत होत्या. काकूंनी दोन्ही हात पुढं करून उलटे सुलटे बघितले. मग पदरात घेतले, गार पडले होते.

अन् मग माझा जीव टांगणीला लागला. उतरण चालू झाली. अर्धा तास, पाऊण तास. बर्फ संपला, दगड आले. टिकलीच्या जागी आलो तर पांढऱ्या गोट्यांचा कोरडा पट्टा. आपल्याकडं उन्हाळ्यात नदी असते, तस्सा.  सोळा रिकाम्या बाटल्या अन् मी. दोर्जे पुढं शिट्टी घालत चालला होता.

काकू थांबल्या. मान वाकडी करून कान दिला. वाडीवर टँकर घाटाच्या खाली असतो तेव्हाच ह्या बायकांना कळतं.

"आली खेप," त्या म्हणल्या.

मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. अजून शंभर पावलं गेलो तेव्हा गोट्यांच्या खालून आवाज यायला लागला, अन् एका मोठ्या धोंड्याच्या बगलंतनं पाणी बाहेर उडी मारत होतं, माझ्या मनगटाएवढं.

काकू काठावर बसल्या. बाटली भरली, पिली, परत भरली. परत भरलेली बाटली त्यांनी तशीच दगडावर ओतून दिली. कशासाठी न्हाई, उगीच. अन् अशा हसल्या की मंगलवहिनीबी ओतायला लागली.

मग त्यांनी नकाशा मांडीवर उघडला. टिकल्यांचं पाकीट मागं खेचरावरच्या बोजात होतं, म्हणून मंगलवहिनीनं कपाळावरची लाल टिकली काढून दिली. काकूंनी हिरवी नखानं सोडवली अन् तिच्या जागी लाल दाबून बसवली. हिरवीचं काय करावं म्हणून जरा इकडंतिकडं बघितलं, अन् माझ्या कपाळाला चिकटवली.

ती तशीच लावून मी खालच्या गावात शिरलो. तिथल्या दूध संस्थेच्या बाया दारात उभ्या होत्या. मी अजून तोंडबी उघडलं नव्हतं, तरी त्या सगळ्या हसल्या.